डबल बेल

पनवेल,
१ मार्च २०२६

ती. आईस,
शि. सा. न. वि. वि.

हे पत्र दादूभाऊंच्या हाती देते आहे. करंजाची गाडी आता पावसाळ्यापर्यंत तेच चालवणार आहेत आणि गाडीवर कंडक्टर आमची ललिता, त्यामुळे आपलं पोस्ट पक्कं झालं. जाताना माझं पत्र, येताना तुझा डबा. मागच्या डब्यातल्या जवळ्याचा वास सुटला आणि डेपोतल्या सगळ्या कंडक्टर बायकांनी मला घेरलं. माझ्या वाट्याला दोन चमचे आले. ललिता म्हणाली की तुझ्या आईलाच इथं आणून ठेव, कॅन्टीनचं भलं होईल.

मनूची आठवण येते हे लिहायला नको, तरी लिहिते. दिवाळीनंतर सासूबाईंना झटका आला, मोठे दीर त्यांना अलिबागला घेऊन गेले, आणि मी मनूला दोन महिन्यांसाठी म्हणून तुझ्या ओटीत टाकलं. दोनाचे चार झाले. काय करू सांग. केतन उलव्यात पोकलेनवर, सातला जातो तो सातलाच येतो. माझी ड्युटी कधी साडेपाचला लागते, आणि पाळणाघरं नऊला उघडतात. मधले साडेतीन तास पोरीला काय तिकिटाच्या मशीनला टांगून ठेवू?

पण जूनपासून स्टेशनजवळ एक पाळणाघर निघतंय, खास पाळीवर जाणाऱ्या बायकांसाठी. सकाळी पाचला उघडणार. पाच वर्षं पूर्ण झालेली मुलंच घेतात. मनूला ९ मेला पाच होतील. १५ जूनला शाळा सुरू, त्याआधी मी तिला न्यायला येते. या वेळी शब्द पक्का. तोवर तिला सांभाळ आणि मला विसरू देऊ नकोस.

केतनचा नमस्कार. तो हल्ली खिचडी करायला शिकलाय, ती तव्यावर उलटताही येते.

तुझी माया आहे तशीच दोघींवर असू दे.

तुझी,
अंकिता


करंजा,
८ मार्च २०२६

चि. सौ. अंकिता हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र दादूने खिडकीतून दिले. वाचून बरे वाटले. तू फोन करत जा म्हणतेस, पण फोन कानाला लावला की मला नुसती गाज ऐकू येते. तू ते कानातले यंत्र आणून दिलेस, त्यातून कोंबड्या मोठ्याने ओरडू लागल्या आणि माणसे होती तेवढीच राहिली. ते तांदळाच्या डब्यात जपून ठेवले आहे. पत्र बरे. पत्राला कान लागत नाहीत.

आता मनूचे. शेजारच्या वेणूच्या फोनवर तू दिसायचीस ते मी बंद केले, रागावू नकोस. तू दिसून गेलीस की ती त्या फोनला दोन्ही हातांनी धरून बसते आणि तासभर रडते. तू सुट्टीला येऊन गेलीस तरी तेच, दोन दिवस अन्नाला शिवत नाही. म्हणून माझे ऐक, दर आठवड्याला येऊन तिला कासावीस करू नकोस. सवय लागू दे.

बाकी पोर गुणाची आहे. ती माझे कान झाली आहे. कुकरची शिट्टी झाली, दूधवाला आला, फाट्यावर गाडीचा हॉर्न वाजला, की येऊन माझा पदर ओढते आणि बोटांनी दाखवते की किती वेळा वाजले. इतकी वर्षे मी दूध उतू घालवत होते, आता एक थेंब जात नाही.

दिवेलागणीला रडायची, म्हणून मी तिला सांगून ठेवले आहे की तुझी आय गाडीवर आहे, एक दिवस ह्याच गाडीतून येईल. तेव्हापासून रडणे थांबले आहे. म्हातारीची युक्ती.

डब्यात सुके बोंबील आहेत. ते ललिताला दाखवू नकोस.

जावईबापूंना आशीर्वाद. तब्येतीला जप, लोभ तर आहेच.

तुझी,
आई (गोदूबाई)


पनवेल,
१७ मार्च २०२६

ती. आईस,
शि. सा. न. वि. वि.

पाडव्याला येता येणार नाही. सुट्टी मिळाली होती, पण आमच्यातल्या दोघी बाळंतपणाच्या रजेवर गेल्यात आणि एकीचं पोर आजारी आहे. आई झालेल्यांच्या जागी आई झालेलीच उभी राहते, दुसरं कोण राहणार. एप्रिलअखेरपर्यंत चार्टवर माझं नाव अलिबागच्या गाडीसमोर लागलंय, रोज.

आई, तू मला मिठागराच्या बांधावर झोळीत टांगायचीस ते मला परवा आठवलं. मी रडले की तू फावडं टाकून यायचीस आणि खारट हातानंच मला घ्यायचीस, असं बाबा सांगायचे. तेव्हा मला वाटायचं काय ते हाल. आता मला त्या झोळीचा हेवा वाटतो. निदान पोर डोळ्यांसमोर तरी होतं. माझ्या गाडीत रोज शंभर बायका लेकरं घेऊन चढतात, मी त्यांना पुढं सरका, पोराला मांडीवर घ्या म्हणते, आणि माझं लेकरू मात्र गाडीत नाही.

तुझं म्हणणं पटतं म्हणून येणं कमी करते आहे. पटतं आणि पचत नाही. जून लवकर येऊ दे.

मनूचा पापा घे. तिला सांग की मी गाडीवरच आहे.

आपला लोभ कमी न होवो.

तुझी,
अंकिता


करंजा,
५ एप्रिल २०२६

चि. सौ. अंकिता हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पाडव्याची गुढी मनूने उतरवली, साखरेची माळ एकटीने खाल्ली. तुझ्यासाठी एक पदक राखले होते, ते मुंग्यांनी नेले.

तिची रोजची गंमत तुला लिहायची राहून जाते. साडेचार वाजले की ही बाई वेणी घाल म्हणून माझ्यापुढे पाठ करून बसते. पावडर लागते, चांगला फ्रॉक लागतो. मग माझा हात धरून फाट्यावर. पाचची गाडी आली की आधी पुढचे दार बघते, मग मागे कंडक्टरकडे बघते, आणि मला सांगते की आज नाय, उद्या. घरी येऊन पोटभर जेवते. एक दिवस चुकवत नाही. ललिता तिला खिडकीतून लिमलेटची गोळी देते. फाट्यावरचे लोक आता तिला साहेब म्हणतात, गाडी तपासायला येते म्हणून.

घरीही गाडीच. माझी खुर्ची म्हणजे गाडी, कोंबड्या म्हणजे प्रवासी. पितळेची वाटी आणि चमचा घेऊन घंटी देते. एक घंटी म्हणजे थांब, दोन घंट्या म्हणजे निघ, आणि दोन घंट्या झाल्यावर कोणी थांबायचे नाही असा नियम आहे. मी एकदा थांबले तर बोलणी खाल्ली. तुझ्यापेक्षा कडक कंडक्टर होईल.

एका गोष्टीवर मात्र रुसून आहे. तिने ललिताकडे तिकीट मागितले, तर ललिता म्हणाली की पाच वर्षांच्या आतल्यांना तिकीट नसते, फुकट. मनूला वाटले की तिकीट नाही म्हणजे आपण मोजण्यातच नाही. दोन दिवस ललिताशी बोलली नाही, गोळी मात्र घेतली.

तू रडत बसू नकोस. दिवस जातात. मिठागरातले गेले, हेही जातील.

दोघांना आशीर्वाद. आठवण ठेव, आम्ही ठेवतोच.

तुझी,
आई


पनवेल,
२३ एप्रिल २०२६

ती. आईस,
शि. सा. न. वि. वि.

आज जी काही फजिती झाली ती तुला आजच लिहायला हवी.

ललिताला ताप भरला, दादूभाऊ पुतणीच्या लग्नाला गेलेले. म्हणून दुपारी मला अलिबागवरून काढून करंजाच्या गाडीवर टाकलं! मी आमच्या साहेबांचे आभार इतक्या मोठ्यानं मानले की ते दचकले. धावत जाऊन मनूसाठी चिक्की घेतली. मनाशी सगळं ठरवलं होतं. पाचला फाट्यावर आपल्या मनूसाहेब गाडी तपासायला उभ्या असतील, मी दार उघडीन, तिला उचलीन, दोन मिनिटं तर दोन मिनिटं. वाटेत चारदा केस नीट केले.

पण उरणला एका हळदीचं अख्खं वऱ्हाड गाडीत घुसलं. वाजंत्री, टोपल्या, नवऱ्यामुलाचे मामे, सगळे. पन्नासाच्या गाडीत नव्वद माणसं. मी मधल्या बाकांपाशी अशी चेपले की मशीन डोक्यावर धरून तिकिटं काढत होते. त्यात एक आजोबा वयाचं कार्ड घरी विसरलेले, ते आपल्या पिकलेल्या मिश्या मला पुरावा म्हणून दाखवत होते. गाडी मध्येच कुठंतरी उभी राहिली. बाहेर काहीच दिसेना. कुणीतरी दारावर थापा मारल्या. मी सवयीनं ओरडले की जागा नाही, मागून गाडी येतेय, आणि दोरी दोनदा ओढली. पुढं देवळाचा कळस दिसला तेव्हा डोक्यात उजेड पडला की तो आपला फाटा होता. दारावर कोण होतं देव जाणे. आमच्या धंद्यात मागून गाडी नेहमीच येत असते, ती कुणी पाहिलेली नसते.

परतताना मात्र नव्या ड्रायव्हरला, मिथुन नाव त्याचं, बीडकडचा आहे, आधीच सांगून ठेवलं होतं. त्यानं फाट्यावर गाडी उभी केली, तीनदा लांब हॉर्न दिला. मी खाली उतरून आपल्या घराकडे बघत राहिले. दार बंद दिसलं. कुणी आलं नाही. मागं ट्रेलर खोळंबले, शिव्या सुरू झाल्या, चढले. म्हटलं, आज दोघी कुठं बाहेर गेल्या असतील, जातानाही नसतीलच, बरंच झालं.

चिक्की केतननं खाल्ली. पुढच्या वेळी दोन घेईन.

तुझी माया असू दे, आणि फाट्यावर जरा जास्त वेळ थांबत जा.

तुझी,
अंकिता


करंजा,
२३ एप्रिल २०२६

चि. सौ. अंकिता हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

उद्या दादू येईल त्याच्याकडे देण्यासाठी लिहून ठेवते. मनूने आज मला फार छळले, म्हणून मुद्दाम कळवते. तूही तिला दोन शब्द लिही.

आभाळ भरून आले होते, वाळत घातलेला जवळा उचलायचा होता, म्हणून मी तिला वेणूबरोबर फाट्यावर पाठवले. वेणूला बंदरावर जायचेच होते. गाडी आली ती खच्चून भरलेली. वेणूने दार वाजवले, पण कोणी उघडले नाही, गाडी निघून गेली. एवढेच झाले. वेणू परत आली, मनू येईना. रस्त्याच्या कडेला बसून राहिली. मी गेले तर म्हणते की आय गाडीत व्हती. आयचा आवाज व्हता, तिचा हात दोरीवर व्हता. आय म्हणाली मागून गाडी येतेय, तर मी मागच्या गाडीची वाट बघतेय.

वेणूला विचारले, तिला माणसांच्या पाठींशिवाय काही दिसले नव्हते. तुझे पत्र माझ्याकडे आहे, त्यात स्पष्ट लिहिले आहे की एप्रिलअखेर तू अलिबागला. मी ते पत्र आणून तिच्यापुढे धरले. तरी हट्ट सोडीना. शेवटी उचलून घरी आणले. तुला ठाऊक आहे, मी सगळे चालवून घेते पण खोटे नाही. तुझ्या बाबांनीही कधी चालवले नाही. तिला कोपऱ्यात उभी केली आणि सांगितले की कान धर आणि मी खोटे बोलले म्हण.

कान धरले, तोंड उघडीना. मग मध्येच कान सोडून दाराकडे धावली, तीन बोटे दाखवून ओरडायला लागली की आय आली, हॉर्न वाजला. म्हातारीला ऐकू येत नाही हे पोरीने ओळखले आहे आणि आता त्याचा फायदा घ्यायला लागली, असे माझ्या मनात आले. फार राग आला. मी दाराला कडी घातली आणि कडीपुढे बसले. बराच वेळ दार ओढत होती. मग आपणहून कोपऱ्यात गेली, कान धरले आणि म्हणाली की मी खोटं बोलले.

आता शांत बसली आहे. जेवली नाही, उद्या जेवेल. लहान वयातच वळण लागायला हवे.

तुला आशीर्वाद. आमच्यावर लक्ष असू दे.

तुझी,
आई


पनवेल,
२५ एप्रिल २०२६

ती. आईस,
नमस्कार.

मनू खोटं बोलली नाही. माझं पत्र तुला मिळालं असेल, त्यात सगळं आहे. आवाज माझा होता. हात माझा होता. हॉर्न मीच द्यायला लावला होता, तीनदाच.

खोटं मी बोलले. मागून गाडी नव्हती.

तुला दोष देत नाही. तू कडीच्या आत बसली होतीस आणि मी त्याच दाराकडे बाहेरून बघत होते. कुणाला काय बोलायचं? तिला सांग, आई. मी पत्रात तिला काय लिहू, मला सुचत नाही. चार कागद फाडले.

मला मेच्या ८ आणि ९ तारखेची रजा मिळेल असं साहेब म्हणालेत. माणसं नाहीत, त्याआधी जमणार नाही.

अंकिता


करंजा,
२९ एप्रिल २०२६

चि. सौ. अंकिता हिस,
आशीर्वाद.

दोन्ही पत्रे मिळाली. मी मनूला समोर बसवले आणि सांगितले की तू खरे बोलली होतीस, चुकले ते तुझ्या आजीचे. तिच्यापुढे माझे दोन्ही कान धरले. ती बरं म्हणाली आणि कोंबड्यांकडे गेली.

पाच महिने ह्या पोरीच्या कानांवर मी घर चालवले. एकच दिवस तिचे ऐकले नाही, तो नेमका तो दिवस.

आता साडेचारला मीच तिला हाक मारते, वेणी घालते, चल म्हणते. ती येत नाही. वाटी-चमचा खाटेखाली सरकवून ठेवला आहे. काल डाळ जळून कोळसा झाली, कुकरच्या शिट्ट्या वाजत असणार, ती पाटावर बसून होती. मला सांगायला आली नाही. मी विचारले नाही. विचारायला तोंड कुठे आहे?

रागे भरावे तर माझीच चूक, लाडीगोडी करावी तर ती दगडासारखी बघते. धरले तर चावते, सोडले तर पळते. मिठागरात पायांच्या चिरा मिठाने भरायच्या तेव्हाही काय करायचे ते मला कळत असे. ह्या वेळी कळत नाही.

९ तारखेला ये. नक्की ये.

तुझी,
आई


पनवेल,
११ मे २०२६

ती. आईस,
शि. सा. न. वि. वि.

सुखरूप पोचले. तुझ्यासमोर रडायचं नाही असं ठरवलं होतं म्हणून दोन दिवस हसत होते. आता लिहिते.

मी दारात आले तेव्हा मनू आत गेली आणि पेल्यात पाणी घेऊन आली, पेल्याखाली ताटली धरून. तू पाहुण्यांना देतेस तसं. मला वाटलं खेळ आहे. मग तिनं विचारलं की तुमी कवा जाणार. आपल्यात आईला तुमी म्हणतात का गं? तूही दचकलीस, मी बघितलं. तिला मी जवळ घेतलं तर आली. नव्या फ्रॉकला हात वर केले, केकचा घास घेतला, ओवाळलं तेव्हा मान खाली घातली. काहीच नाकारलं नाही तिनं. निघताना मी फाट्याकडे वळले, तेव्हा आधीसारखी पदराला लोंबकळेल म्हणून मी मन घट्ट करून ठेवलं होतं. ती ओट्यावरून हलली नाही. त्या घट्ट केलेल्या मनाचं काय करायचं ते कळेना.

मी नोकरी सोडायचं ठरवलंय. अर्ज लिहून ठेवलाय. केतन म्हणतो तुला वाटेल तसं कर, आणि खिडकीबाहेर बघतो. परीक्षा देऊन सहा वर्षं या खाकीची वाट बघितली होती मी. पण आता अंगात घातली की आरशात कंडक्टरच दिसते.

तू सांगशील तसं करीन.

माया असू दे.

तुझी,
अंकिता


करंजा,
२४ मे २०२६

चि. सौ. अंकिता हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

अर्ज फाड. हे मी रागाने लिहीत नाही. आज तू घरी बसलीस तरी तेवीस तारीख परत येत नाही, आणि उद्या मनू मोठी होऊन विचारेल की माझ्यासाठी का सोडलीस, तर ते ओझेही तिच्याच डोक्यावर. तू झोळीचे लिहिले होतेस. झोळीत होतीस खरी, पण एकदा तू रडरड रडलीस आणि मुकादमाने मला बांध चढू दिला नाही. मीठ ओढायचे बाकी होते. मी लांबून बघत होते. घरी येईपर्यंत तू रडून रडून निळी पडली होतीस. हे तुझ्या बाबांना मी कधी सांगितले नाही, म्हणून त्यांनी तुला सांगितले नाही. तू ते विसरलीस. मनू विसरेल का, मला ठाऊक नाही. खोटी आशा दाखवत नाही.

ठरल्याप्रमाणे १४ जूनला ये आणि तिला घेऊन जा. मी विचारले, आयबरोबर जाशील का. हो म्हणाली. भांडली असती, आजीला चिकटली असती तर मला बरे वाटले असते.

तिचे कपडे धुऊन घडी करते आहे. फार नाहीत, पण घडी संपत नाही.

लोभ माझ्याकडून आटणार नाही.

तुझी,
आई


पनवेल,
१७ जून २०२६

ती. आईस,
शि. सा. न. वि. वि.

सोबत एक तिकीट पाठवते आहे. चुरगळलेलं आहे, तरी फेकू नकोस. ते मनूनं दिलंय.

त्या दिवशी गाडीत काय झालं ते तुला लिहायचं होतं. तू फाट्यावर उभी राहून हात हलवत होतीस तोवर मनू तुझ्याकडे बघत होती. वळण आल्यावर सरळ बसली. ललितानं येऊन तिचा गाल ओढला, गोळी दिली. मनूनं गोळी ठेवून घेतली आणि हात तसाच पुढं धरला. म्हणाली की मी आता पाचची झाली, माझं तिकीट दे. ललितानं माझ्याकडे बघितलं, मशीनमधून अर्धं तिकीट काढलं आणि तिच्या हातावर ठेवलं. मनूनं विचारलं की हे असलं का मग गाडी टाकून नाय ना जात. ललिता बिचारी काही न कळता हसली, म्हणाली नाय गं बाय, तिकीट असलं की कोणाची टाप हाय. मी शेजारीच बसले होते, आई. मला विचारलं नाही.

पनवेल येईस्तोवर मूठ उघडली नाही. रात्री तिकीट उशीखाली होतं, सकाळी फ्रॉकच्या खिशात. काल मात्र आपणहून माझ्याजवळ आणून दिलं. म्हणाली की आजीला पाठव, तिला हॉर्न ऐकू येत नाय, तिला गाडी टाकून जाईल. मी म्हटलं की मग तुझ्याजवळ काय राहील. तर म्हणाली मी हितंच हाय ना आता, कुठं जाऊ. तेव्हा ते तुझं. तांदळाच्या डब्यात यंत्राशेजारी ठेव. आणि त्या तिकिटाला मान देऊन एकदा गाडीत बस आणि इकडं ये.

मला अजून तुमीच म्हणते. केतनला तू म्हणते, मला तुमी. मी टोकत नाही.

परवापासून पाळणाघर सुरू झालं. तिथल्या काकू बऱ्या वाटतात. सकाळी सव्वापाचला आम्ही दोघी दारात. बाकीची पोरं आयांचे पदर सोडीनात, नुसती रडारड. मनू रडली नाही. मीच चपला घालून तशीच उभी. काकू म्हणाल्या की ताई निघा आता, रेंगाळलात की त्यांना जड जातं. मला पाय उचलता येईना. मनू माझ्याकडे बघत होती, खाकीकडे, बिल्ल्याकडे, मग घड्याळाकडे. तिनं दप्तर उघडलं आणि तुझी ती पितळेची वाटी काढली. तू घातली होतीस का तिनं खाटेखालून काढून आणली, मला माहीत नाही. चमच्यानं दोनदा वाजवली. मग दप्तर बंद करून आत गेली, मागं वळून न बघता.

तिचा नियम तूच मला लिहिला होतास. दोन घंट्या झाल्यावर थांबायचं नाही. मी गेले, आई.

आशीर्वाद दे, दोघींना वेगवेगळा.

तुझी,
अंकिता